शाफ्ट जाड झाला कसा? एका जनरेटर बेअरिंगच्या मापाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातला एक सहकारी साखर कारखाना. त्याच्या को-जन प्लांटमध्ये, म्हणजे वाफेपासून वीज बनवणाऱ्या विभागात, ८७ किलो दाबाच्या वाफेवर चालणारी टर्बाइन, मध्ये गिअरबॉक्स आणि पुढे मिनिटाला १५०० फेऱ्यांचा, ११ केव्हीचा जनरेटर आहे. पुण्यातल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी मोजमाप कक्ष सांभाळतो, तिथे या जनरेटरची दोन्ही बेअरिंग्ज व्हाइट मेटल, म्हणजे आतला मऊ मिश्रधातूचा थर, नव्याने भरण्यासाठी आली होती. कारखान्याचं आणि आमचं नाव देत नाही. चूक दोन्हीकडची होती आणि नावं दिली की लोक मापाऐवजी माणसांविषयी बोलत बसतात.

हंगामाच्या शेवटच्या महिन्यात ड्राइव्ह एंडच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या, बेअरिंगचं तापमान हळूहळू ८४ अंशांवर गेलं होतं. गाळप संपेपर्यंत कसंबसं रेटलं. मार्चमध्ये मशीन उघडलं तेव्हा खालच्या अर्ध्यात व्हाइट मेटल पुसल्यासारखं सरकलेलं दिसलं. डीपी टेस्टमध्ये, म्हणजे रंगद्रव्याने भेगा दाखवणाऱ्या चाचणीत, कडेने धातू बाहेरच्या कवचापासून (शेलपासून) सुटल्याचंही कळलं. नॉन-ड्राइव्ह एंडची अवस्था इतकी वाईट नव्हती, तरी दोन्ही एकदमच करून घ्यायचं ठरलं.

घाईला कारण होतं. आवारात हंगामातला शिल्लक बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, रचून ठेवला होता. तो जाळून ऑफ सीझनमध्ये महिनाभर वीज विकायची, असा कारखान्याचा हिशोब. मिलमधून निघतानाच बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. उन्हात वाळलेला ढीग वळवाच्या एखाद्या सरीने पुन्हा भिजला की बॉयलरवाल्यांचे हाल होतात. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात मशीन फिरलंच पाहिजे, असा वरून निरोप होता.

असं काम चालतं कसं, हे इथे सांगायला हवं. रोटर, म्हणजे जनरेटरचा शाफ्टसकट फिरणारा भाग, कारखान्यातच राहतो. कित्येक टनांचा रोटर कोणी पुण्याला आणत नाही. जर्नलचं, म्हणजे शाफ्ट बेअरिंगमध्ये जिथे बसतो त्या भागाचं माप तिथले लोक घेतात आणि आम्हाला कळवतात. आम्ही त्यात ड्रॉइंगप्रमाणे क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात ठेवायची फट, मिळवून बेअरिंग आतून त्या मापाला कातून घेतो, म्हणजे बोअर करतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांची भेट थेट कारखान्यात होते. तोवर त्यांच्यात दुवा असतो तो कागदावरच्या एका आकड्याचा.

या जनरेटरला क्लिअरन्स हवा होता ०.३० ते ०.३६ मिलिमीटर. आम्ही नेहमीसारखा मधला ०.३३ धरला.

अडचण

कारखान्याहून आलेल्या तक्त्यात ड्राइव्ह एंड जर्नलची आठ मापं होती. रुंदीत चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी उभं आणि आडवं. गिअरबॉक्सच्या बाजूने सुरुवात: २४९.९२, २४९.९२, २४९.९२, २४९.९१, २४९.९१, २४९.९१, २४९.९०, २४९.९०. खाली शेरा: ‘टेपर ०.०२’, म्हणजे जाडी एका टोकाकडे ०.०२ मिलिमीटरने कमी होत जाते.

आम्ही सर्वांत मोठं माप घेतलं, कारण शाफ्टचा सर्वांत जाड भाग बेअरिंगमध्ये मोकळा फिरायला हवा. २४९.९२ मध्ये ०.३३ मिळवून २५०.२५ ला बोअर केलं. आमच्या कक्षात २० अंशांवर सेटिंग रिंगशी, म्हणजे ठरलेल्या मापाच्या कडीशी, बोअर गेज जुळवून तपासलं, बरोबर २५०.२५ आलं. अल्ट्रासॉनिकने धातूची पकड पाहिली, तीही उत्तम. बेअरिंग पाठवून दिलं. नॉन-ड्राइव्ह एंडचं धातू भरून झालं होतं, बोअरिंग बाकी होतं.

तीन दिवसांनी चीफ इंजिनिअरांचा फोन आला. लेड वायर घेतली तर क्लिअरन्स ०.३८ येतोय.

लेड वायरची पद्धत जुनी आणि विश्वासाची. शिशाच्या बारीक तारेचे तुकडे जर्नलच्या माथ्यावर आणि बेअरिंगचे दोन अर्धे जिथे जुळतात त्या दोन्ही मिलनपट्ट्यांवर ठेवायचे, वरचा अर्धा बसवून बोल्ट आवळायचे, उघडायचं आणि दबलेल्या तारा मोजायच्या. माथ्यावरच्या जाडीतून बाजूच्यांची सरासरी वजा केली की वरचा क्लिअरन्स मिळतो. तीन ठिकाणी ०.३७, ०.३८ आणि ०.३९ आला होता. म्हणजे वरच्या मर्यादेच्याही पुढे.

“तुम्ही बोअर मोठं केलंय,” चीफ इंजिनिअर म्हणाले. मी आमचा तपासणी अहवाल पाठवला. त्यांनी त्यांच्या मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पाठवलं, जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचं. आमच्या गेजचं सर्टिफिकेटही चालू मुदतीतलं. दोन्ही कागद खरे होते आणि दोन्ही उपकरणंही निर्दोष होती. तरीही कुठेतरी ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार ते पाच शतांश, जास्तीचे शिरले होते.

समोर ठेवलेले मार्ग

त्या संध्याकाळच्या फोनवर चार मार्ग निघाले.

पहिला, आहे तसं चालवायचं. ०.३८ म्हणजे मर्यादेपेक्षा फक्त दोन शतांश जास्त. अडीचशे मिलिमीटरच्या जर्नलला त्याने मशीन मोडून पडत नाही, हे मीही मान्य केलं. पण क्लिअरन्स वाढला की तेलाचा थर शाफ्टला तितका घट्ट धरत नाही आणि कडेने तेल जास्त वाहतं. शिवाय बेअरिंग झिजतं ते क्लिअरन्स वाढवतच. झिजेसाठी राखलेली जागा पहिल्याच दिवशी खाऊन बसायचं, असा त्याचा अर्थ.

दुसरा मार्ग कारखान्यातल्या सर्वांत अनुभवी फिटरचा. सगळे त्यांना आबा म्हणतात. मिलनपट्ट्या चार शतांश घासून घ्या, वरचा अर्धा तेवढा खाली बसेल, क्लिअरन्स जागेवर येईल. “मिलच्या बेअरिंगला आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो,” ते म्हणाले. आबांच्या हाताविषयी मला पूर्ण आदर आहे. नीळ लावून मॅचिंग, म्हणजे दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते, बघताना त्यांच्या बोटांना जे कळतं ते मला गेजनेही उशिरा कळतं. पण उसाच्या मिलचा रोल मिनिटाला मोजक्या फेऱ्या घेतो आणि हा शाफ्ट १५००. पट्ट्या घासल्या तर उभा क्लिअरन्स कमी होईल, आडवा तसाच राहील, बेअरिंग लंबगोल होईल आणि बाहेरून हाउसिंगमध्ये बसणारी पकडही तेवढीच ढिली पडेल. एक चूक झाकताना आणखी दोन मापं बिघडणार होती.

तिसरा, धातू काढून पुन्हा भरायचा. सहा दिवस आणि पुन्हा तेवढाच खर्च. खर्च कोणाचा, हा वाद त्यात आलाच.

चौथा, आधी पुन्हा मोजायचं. शाफ्टही आणि बेअरिंगही, दोन्ही एकाच जागी. यात एक दिवस जाणार होता आणि फोनवरच्या बहुतेकांना तो वाया जाणारा वाटत होता. मी त्यालाच धरून बसलो. चूक कुठली हे न कळता बेअरिंग पुन्हा भरलं, तर त्याच आकड्याने पुन्हा बोअर करणार होतो. त्याच फोनवर मी आमच्या मशीन शॉपला नॉन-ड्राइव्ह एंडचं बोअरिंग थांबवायला सांगितलं. त्याचं मापही त्याच दुपारी, त्याच मायक्रोमीटरने घेतलेलं होतं. या सगळ्या प्रकरणात वेळेवर झालेली हीच एक गोष्ट.

कारखान्यात काय आढळलं

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. टर्बाइन हॉलमध्ये हवा ४० अंश होती. मी माप कधी आणि कसं घेतलं ते विचारलं. दुपारी तीनला, जेवणानंतर. मायक्रोमीटर कुठे असतो? कंट्रोल रूममध्ये, कपाटात. हॉलमध्ये बगॅसची धूळ उडते, म्हणून महागडं उपकरण तिथे जपून ठेवलेलं. आणि कंट्रोल रूममध्ये पॅनेलसाठी एसी २२ अंशांवर.

तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं होतं, पण बोलून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. संपर्काने मोजणाऱ्या थर्मामीटरने जर्नलचं तापमान घेतलं, ३७ अंश. मग विनंती केली की मायक्रोमीटर कंट्रोल रूममधून आत्ता आणा, तिथेच २२५ मिलिमीटरच्या सेटिंग रॉडवर, म्हणजे ठरलेल्या लांबीच्या दांड्यावर, शून्य जुळवून आणा आणि लगेच मोजा. फक्त या वेळी सुरुवात उलट्या टोकाकडून करा.

पहिलं माप आलं २४९.९२. तेही नेमकं त्या टोकाला, जिथे आधीच्या तक्त्यात २४९.९० लिहिलं होतं. पुढे सरकत गेलो तसा आकडा उतरत गेला. पंधरा मिनिटांनी गिअरबॉक्सच्या बाजूला पोचलो तेव्हा २४९.९० आलं. टेपरने दिशा बदलली होती.

कोणी काही बोललं नाही. आबांनी मायक्रोमीटरच्या फ्रेमला हात लावला, मग शाफ्टला, पुन्हा फ्रेमला. “हा गार आहे अजून,” एवढंच म्हणाले.

शाफ्टला टेपर नव्हताच. तक्त्यात उतरला होता तो वेळ. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. पाव मीटरचा शाफ्ट ३७ अंशांवर आणि मायक्रोमीटर २२ वर, म्हणजे १५ अंशांचा फरक, म्हणजे ४३ मायक्रॉन. गार, आखडलेल्या पट्टीने फुगलेली वस्तू मोजली तर ती तेवढी मोठीच दिसणार. हातात धरून, हॉलच्या हवेत मायक्रोमीटर तापत गेला तशी चूक कमी होत गेली आणि प्रत्येक पुढचं माप थोडं लहान येत गेलं.

या ‘टेपर’मुळे जर्नल जागेवरच ग्राइंड करून घ्यावं का, अशीही चर्चा आधीच्या आठवड्यात झाली होती, हे मला तेव्हा कळलं. निर्दोष जर्नल ग्राइंडिंगपासून वाचलं, याचं मला आजही बरं वाटतं.

गोधडीतला मायक्रोमीटर

आता खरं माप हवं होतं. मायक्रोमीटर हॉलमध्ये तासभर ठेवला की झालं, असं सगळ्यांचं म्हणणं. मला ते पुरेसं वाटेना. मायक्रोमीटरची फ्रेम हलकी, हवेबरोबर पटकन ४० पर्यंत जाते. शाफ्ट टनावारी, तो हवेच्या मागे रेंगाळतो, दुपारी हवेपेक्षा गार आणि पहाटे हवेपेक्षा ऊन. म्हणजे दुपारी थांबून मोजलं तर चूक उलट्या बाजूला जाणार, छोटी का होईना. मायक्रोमीटरला हॉलचं तापमान देऊन भागत नाही, त्याला शाफ्टचं तापमान द्यावं लागतं.

उपाय साधा निघाला. मायक्रोमीटर आणि सेटिंग रॉड दोन्ही जर्नलवर फडक्यात ठेवले आणि जर्नलसकट सगळ्याला एका फिटरच्या घरून आणलेली गोधडी गुंडाळली. रात्रभर तसंच. पहाटे सहाला, हॉलची दारं उघडण्याआधी मोजलं. जर्नल ३३ अंश, फ्रेमही ३३. शून्य तिथेच रॉडवर जुळवलं, फ्रेम कापडी हातमोज्यांनी धरली. आठपैकी सात ठिकाणी २४९.८८, एका ठिकाणी २४९.८७.

नवं बेअरिंगही रात्रभर शेजारीच ठेवलं होतं. आतलं माप २५०.२५. वजाबाकी ०.३७. लेड वायरच्या सरासरीशी एका शतांशाने जुळलं. आमचं बोअर दिलेल्या आकड्याप्रमाणे बरोबर होतं आणि दिलेला आकडा चुकलेला होता.

लांबीची मापं २० अंशांवर सांगायची, हा नियम आंतरराष्ट्रीय वजन आणि मापे समितीने १९३१ साली ठरवला. प्रत्येक कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर ते तापमान छापलेलं असतं. आमच्या दोघांच्या सर्टिफिकेटवरही होतं. आम्ही ते एकमेकांना पाठवून भांडत होतो आणि ती ओळ दोघांपैकी कोणीच वाचत नव्हतं. सर्टिफिकेट सांगतं की २० अंशांवर हा मायक्रोमीटर खरं बोलतो. मे महिन्यातल्या दुपारी तीनची हमी ते देत नाही. मात्र वस्तू आणि पट्टी दोन्ही पोलादाची, दोन्ही एकाच तापमानाची असतील तर दोन्ही सारखी फुगतात आणि आकडा २० अंशांवरचाच येतो. म्हणूनच साखर कारखान्यात वातानुकूलित कक्ष नसतानाही गोधडीने काम भागलं.

जे आधीच कोणी बोललं होतं

चहा पिताना मी जुन्या ओव्हरहॉलचं रजिस्टर मागितलं. तीन वर्षांपूर्वीची नोंद सापडली: ड्राइव्ह एंड जर्नल २४९.८८.

तेव्हा मागे उभा असलेला तरुण फिटर हळूच म्हणाला, “साहेब, मी तेव्हाच विचारलं होतं. तीन वर्षं फिरलेला शाफ्ट जाड कसा झाला म्हणून.”

त्याने खरंच विचारलं होतं. त्याला उत्तर मिळालं होतं की आधीचा मायक्रोमीटर जुना होता, हा नवा आहे, सर्टिफिकेटवाला आहे. उत्तर पटण्यासारखं होतं आणि म्हणूनच घातक. झिजणारी वस्तू वाढलेली दिसली तर माप संशयित, एवढी साधी गोष्ट त्याला दिसली होती. त्याच्याकडे पद नव्हतं, रजिस्टर होतं. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू तोच. दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजलं असतं, तर आकडा उतरताना तिथेच दिसला असता.

निर्णय

नॉन-ड्राइव्ह एंडचा प्रश्न सोपा होता. तेही जर्नल गोधडीच्या रीतीने मोजलं, नवा आकडा पुण्याला कळवला, बोअरिंग झालं.

ड्राइव्ह एंडसाठी पहिला आणि तिसरा मार्ग उरले. आता फरकाचं कारण माहीत होतं, त्यामुळे ०.३७ स्वीकारून पुढच्या ऑफ सीझनला बदलायचं म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला. ढगही दिसू लागले होते. चीफ इंजिनिअरांनी मला थेट विचारलं, “तुमचा कारखाना असता तर?” मी म्हणालो, महिनाभराच्या बगॅससाठी चालवलं असतं, पण पुढे येणाऱ्या पाच महिन्यांच्या गाळपासाठी नाही आणि मध्ये पुन्हा उघडायला तुम्हाला वेळ मिळणार नाही. त्यांनी पुन्हा धातू भरायचं ठरवलं. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. आकडा त्यांचा चुकला होता, पण उतरत्या क्रमाने आलेली आठ मापं पाहून आम्हीही एक प्रश्न विचारला नव्हता, हे मी आमच्या मालकांना स्पष्ट सांगितलं.

परिणाम

बोअर २५०.२१ ला झालं. लेड वायर ०.३३ आणि ०.३४. मशीन ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा फिरलं. मधल्या काळात वळवाच्या दोन सरी पडल्या आणि न झाकलेला बगॅस भिजला. तो वाळवून जाळेपर्यंत बॉयलरची पाळी वैतागली. जनरेटर सुरू झाल्यावर ड्राइव्ह एंडचं तापमान ६६ अंशांवर स्थिरावलं आणि पुढचा सगळा हंगाम त्याच्या आसपासच राहिलं.

पुन्हा धातू भरणं गरजेचंच होतं का, यावर माझं मन आजही पूर्ण ठरलेलं नाही. ०.३७ वरही हंगाम कदाचित निघाला असता. बगॅस भिजला ते नुकसान मात्र प्रत्यक्ष झालं. तरी तोच प्रसंग पुन्हा आला तर मी तोच सल्ला देईन, कारण बेअरिंग हंगामाच्या मध्यात गेलं तर मिल थांबते आणि शेतात तोडलेला ऊस वाळतो. तो ऊस कोणाचा असतो, हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

कारखान्याच्या बाजूने: मायक्रोमीटर कंट्रोल रूममध्येच राहू दे, पण मोजायच्या आदल्या संध्याकाळी जर्नलवर आणून झाका. मापं एका टोकाकडून घेतली की परत त्याच टोकाला येऊन पहिलं माप पुन्हा घ्या. ते जुळलं नाही, तर मधली सगळी मापं फुकट. याला एक मिनिट लागतं आणि आमचं संपूर्ण प्रकरण त्या एका मिनिटात टळलं असतं.

आमच्या बाजूने चूक जास्त गंभीर होती असं मी मानतो, कारण मोजणं हा आमचा धंदाच आहे. आमच्या जॉब कार्डावर मापासाठी आठ चौकोन होते आणि तापमानासाठी एकही नव्हता. आता दोन आहेत, एक वस्तूचं आणि एक उपकरणाचं. जुन्या ओव्हरहॉलचं माप लिहायलाही जागा ठेवली आणि नवं माप त्याहून मोठं असेल तर फोन करून खात्री होईपर्यंत बोअरिंग सुरू करायचं नाही, असं ठरवलं.

पहिल्या वर्षी त्या चौकोनांत बहुतेक ठिकाणांहून ‘रूम टेम्परेचर’ असं लिहून यायचं. त्या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येकाला फोन करावा लागला आणि अजूनही कधीकधी करावा लागतो. या कारखान्याचा पुढचा तक्ता आला तेव्हा दोन्ही चौकोनांत २९ लिहिलं होतं, आठ मापांखाली नववं होतं, पहिल्याच जागेचं, आणि सही त्या तरुण फिटरची होती.